पदवीस्तरावरील मार्गदर्शित संशोधन आणि पीएच.डी.ची वाट : मेलन-मेझ छात्रवृत्तीचा अनुभव व महाराष्ट्रातील महाविद्यालये

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांत पीएच.डी.चा विचार साधारणतः एम.ए. झाल्यानंतर आणि पुष्कळदा नोकरी लागल्यानंतर केला जातो. 'पेट' परीक्षा, मार्गदर्शकाकडील रिक्त जागा, विषयाची मान्यता आणि नोंदणी या क्रमाने विद्यार्थी संशोधनाकडे येतो. त्यापूर्वीच्या पदवीच्या वर्षांत त्याचा संशोधनाशी संबंध बहुधा पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पवहीपुरताच आलेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० आणि त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेले नियम यांनी हा क्रम निदान कागदावर तरी बदलला आहे. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. याच विनियमांनी एम.फिल. ही मधली पायरी बंद केली. चौथ्या वर्षात 'संशोधनासह ऑनर्स' घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आयोगाच्या आराखड्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे.

याचा अर्थ असा की, एम.ए. आणि एम.फिल.च्या वर्गांत संशोधनाची जी तोंडओळख होत असे, ती आता पदवी महाविद्यालयांना करून द्यावी लागणार आहे. हे काम कोणी, केव्हा आणि कोणत्या वेळेत करावयाचे याविषयी नियमांत फारसे मार्गदर्शन नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतील पीएच.डी.पर्यंत नेण्याचा एक दीर्घकाळ चाललेला प्रयोग अमेरिकेत उपलब्ध आहे. मेलन-मेझ पदवीपूर्व छात्रवृत्ती या नावाने तो ओळखला जातो. त्याची रचना, त्याचे यश आणि त्याची एक मोठी फसगत समजावून घेऊन आपल्याकडील चौथ्या वर्षाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छात्रवृत्तीचा उगम

अँड्र्यू मेलन प्रतिष्ठानने १९८८ मध्ये आठ शिक्षणसंस्थांत ही योजना सुरू केली. प्रतिष्ठानचे तत्कालीन अध्यक्ष विल्यम बोवेन हे अर्थशास्त्रज्ञ होते आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. अमेरिकेतील महाविद्यालयांत कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे आणि मूलनिवासी विद्यार्थी वाढत होते. परंतु त्यांना शिकविणाऱ्या अध्यापकांत या समाजांतील व्यक्ती अत्यल्प होत्या. प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. आवश्यक, आणि पीएच.डी.च्या दारापर्यंत हे विद्यार्थी पोहोचतच नव्हते. बुद्धिमान विद्यार्थी असला तरी तो कायदा, वैद्यक किंवा व्यवस्थापन यांकडे वळत असे. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेलेले असताना इतिहास किंवा मानवशास्त्र यांसाठी आणखी सात-आठ वर्षे घालविणे हा वेडेपणाच वाटणार. आपल्याकडील पालकांना यात अपरिचित असे काहीच नाही.

या परिस्थितीवर प्रवेशाच्या वेळी सवलत देणे किंवा पीएच.डी.ला शिष्यवृत्ती देणे असे दोन सरळ उपाय होते. योजनाकर्त्यांनी त्यांच्या आधीच्या टप्प्याला हात घातला. निर्णय जेथे होतो तेथे, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास, विद्यार्थ्याला गाठावयाचे असे ठरले. योजनेचे खरे वेगळेपण येथेच आहे.

प्रारंभीच्या विषयांच्या यादीत भौतिकशास्त्र व गणितासारखे विषयही होते. पुढे भर मानव्यविद्या आणि त्यांना जवळची सामाजिक शास्त्रे यांवर राहिला. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रवेशासंबंधीच्या खटल्यांत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल लागले. त्याच वर्षी योजनेच्या नावातील 'अल्पसंख्याक' हा शब्द गळला, पात्रतेची व्याख्या व्यापक झाली आणि बेंजामिन मेझ यांचे नाव योजनेला देण्यात आले.

बेंजामिन मेझ

हे नाव का निवडले गेले हे समजण्यासाठी मेझ यांचे चरित्र थोडे पाहणे आवश्यक आहे. १८९४ मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यात त्यांचा जन्म झाला. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले आणि नंतर दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकविणारे होते. मेझ १९२० मध्ये बेट्स महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना १९३५ मध्ये मिळाली. मधली पंधरा वर्षे अध्यापन, धर्मोपदेश आणि समाजकार्य यांत गेली. शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. चाळिशीत पीएच.डी. मिळविणाऱ्या या माणसाने १९४० ते १९६७ अशी सत्तावीस वर्षे अटलांटा येथील मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्षपद सांभाळले. १९४४ मध्ये पंधराव्या वर्षी तेथे दाखल झालेला मार्टिन ल्यूथर किंग हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी. किंग यांनी १९४८ मध्ये तेथून समाजशास्त्राची पदवी घेतली आणि १९५५ मध्ये बोस्टन विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. मेझ यांना ते आपले गुरू मानत. १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीच्या दिवशी श्रद्धांजलीचे भाषण मेझ यांनीच केले.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा एक धागाही या चरित्रात आहे. १९३६ च्या अखेरीस मेझ भारतात आले होते. म्हैसूर येथील ख्रिस्ती युवक संघटनेच्या जागतिक परिषदेसाठी आलेल्या मेझ यांनी चॅनिंग टोबायस यांच्यासमवेत वर्ध्याजवळील सेगाव येथे महात्मा गांधींची भेट घेतली. सेगावचे सेवाग्राम अद्याप व्हावयाचे होते. या भेटीत अहिंसेवर प्रदीर्घ चर्चा झाली. म्हैसूरमधील अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मेझ यांची ओळख अमेरिकेतील 'अस्पृश्य' अशी करून दिली. मेझ प्रथम दुखावले. नंतर त्यात तथ्य आहे हे त्यांना उमगले. आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. जातीच्या आणि वंशाच्या विषमतेची तुलना हा आज संशोधनाचा स्वतंत्र प्रांत झाला आहे. त्याच्या दाराशी मेझ तेव्हाच येऊन ठेपले होते.

योजनेची रचना

प्रत्येक सहभागी महाविद्यालयात दरवर्षी साधारणतः पाच विद्यार्थी निवडले जातात. ही संख्या लहान आहे आणि ती हेतुतः लहान ठेवलेली आहे. निवड बहुधा दुसऱ्या वर्षी होते आणि पुढील दोन वर्षे विद्यार्थी योजनेत राहतो. निवडीत गुणांबरोबरच अध्यापनाच्या व्यवसायाविषयीची ओढ आणि त्या व्यवसायात विविधता यावी यासाठीची तळमळ पाहिली जाते.

निवडलेल्या विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक अध्यापक मिळतो आणि त्याच्याशी नियमित, ठरलेल्या वेळी भेट होते. सत्रात आणि उन्हाळी सुटीत विद्यार्थ्याला वेतनाप्रमाणे ठरावीक रक्कम दिली जाते. ही रक्कम बक्षीस नव्हे. त्या तासांत तो अन्यथा एखाद्या उपाहारगृहात किंवा दुकानात काम करून खर्च भागविणार होता. ते काम सोडून त्याला ग्रंथालयात बसता यावे यासाठी ती आहे. अनेक ठिकाणी मार्गदर्शकालाही मानधन मिळते. दरवर्षी विभागीय परिषदा होतात. तेथे वेगवेगळ्या महाविद्यालयांतील छात्र एकमेकांपुढे आपले काम मांडतात. त्यांच्या लेखांसाठी योजनेचे नियतकालिकही आहे.

पदवीनंतर ही साखळी तुटत नाही, आणि बऱ्याच योजना नेमक्या येथेच संपतात. छात्र ठरावीक मुदतीत मान्य विषयातील पीएच.डी.ला गेला, तर त्याच्या पदवीकाळातील कर्जापैकी १०,००० डॉलरपर्यंतची रक्कम प्रतिष्ठान टप्प्याटप्प्याने फेडते. पुढे सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेमार्फत लहान संशोधन अनुदाने, प्रबंधलेखनाच्या कार्यशाळा आणि प्रबंध पूर्ण करण्यासाठीचे साहाय्य मिळते. म्हणजे दुसऱ्या वर्षी सुरू झालेला संबंध प्रबंध सादर होईपर्यंत, दहा-बारा वर्षे, टिकविला जातो. पुढे चाळीसहून अधिक संस्था, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांचा गट आणि दक्षिण आफ्रिकेतील काही विद्यापीठे योजनेत आली. तीन दशकांत छात्रांपैकी एक हजाराहून अधिक जणांनी पीएच.डी. मिळविली. एकूण छात्रांशी तुलना करता हे प्रमाण साधारण सहापैकी एक भरते. अर्थात अनेक जण अद्याप मार्गावर आहेत.

मार्गदर्शन म्हणजे नेमके काय

रचना सांगणे सोपे आहे. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यात दोन वर्षे नेमके काय घडते हे अधिक महत्त्वाचे होय, आणि ते आपल्या परिसरातील एका विषयावरून चांगले स्पष्ट होईल.

बीड जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी प्रकल्पासाठी विषय घेऊन येते : 'ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास'. विषय महत्त्वाचा आहे, तिच्या घरचाही असू शकेल. परंतु या शीर्षकात प्रश्न नाही. या शीर्षकावर पन्नास जणांना प्रश्नावली वाटली जाईल, 'होय' व 'नाही' यांचे शेकडा प्रमाण काढले जाईल आणि 'शासनाने लक्ष द्यावे' या शिफारशीने प्रकल्प संपेल. असे प्रकल्प महाराष्ट्रातील प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात आहेत.

मार्गदर्शकाचे पहिले काम हे शीर्षक नाकारणे नसून त्यातून प्रश्न बाहेर काढणे हे आहे. तिला माहीत असते की तोडीला जाणारे जोडपे 'एक कोयता' म्हणून मोजले जाते. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती या कोयत्याला. ही गोष्ट तिला इतकी परिचित असते की ती सांगण्यासारखी आहे असे तिला वाटत नाही. मार्गदर्शक विचारतो : उचल कोणाच्या नावावर लिहिली जाते? पैसे कोणाच्या हातात पडतात? हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षी कोणाकडे राहते? नवरा आजारी पडला किंवा वारला तर कोयता 'अर्धा' होतो, तेव्हा हिशेब कसा बदलतो? आता प्रश्न तयार झाला. मोजणीच्या एककातच स्त्रीची मजुरी अदृश्य होते काय, असे त्याचे स्वरूप आहे. यासाठी पन्नास प्रश्नावल्यांपेक्षा दोन मुकादमांच्या वह्या आणि सात-आठ दीर्घ मुलाखती अधिक उपयोगी पडतील.

ही चर्चा एका भेटीत होत नाही. पहिल्या तीन-चार भेटींत विद्यार्थिनी केवळ मान डोलावते. 'सरांना उलट कसे विचारावयाचे' हा संकोच आपल्या वर्गांत खोल रुजलेला आहे आणि तो सूचनेने जात नाही, सवयीने जातो. त्यानंतर वाचन येते. इंग्रजीतील एखादा लेख एकटीने वाचावयास सांगितला तर ती तो उतरवून आणील. सोबत बसून दोन परिच्छेद वाचले तर लेखकाचा दावा कोणता आणि पुरावा कोणता हे ती वेगळे करू लागेल. पुढे क्षेत्रकार्याची वेळ हंगामाप्रमाणे ठरवावी लागते : मुलाखती घ्यावयाच्या तर माणसे गावात असतील तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात व पावसाळ्यात, तोडीवरचे निरीक्षण करावयाचे तर दिवाळीनंतर. विद्यापीठाचे सत्र याच्याशी जुळत नाही. दोन वर्षांचा कालावधी हवा तो यासाठी. एका सत्रात हे काम बसत नाही.

वह्या दाखविणाऱ्या माणसाचे नाव लिहावयाचे की नाही, उचलीची रक्कम उघड झाल्यास त्याला त्रास होईल काय, हे प्रश्नही याच काळात उभे राहतात. आपल्याकडे संशोधनाची नीती म्हटले की वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणक प्रणालीचीच आठवण होते. क्षेत्रकार्याची नीती त्याहून पुष्कळ जुनी आणि अवघड आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याविषयी येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. इंग्रजीतील साहित्य त्याला कठीण जाते हे खरे. परंतु ग्रामपंचायतीचे जुने ठराव, सार्वजनिक वाचनालयांची दाखलनोंद पुस्तके, सहकारी सोसायट्यांची इतिवृत्ते, तमाशा फडांचे हिशेब, देवस्थानांची मोडी कागदपत्रे यांच्यापर्यंत तोच सहज पोहोचू शकतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी वाचू शकणारा पदवीचा विद्यार्थी जे काढू शकेल, ते परदेशी विद्यापीठातील संशोधकाला वर्षभर शिकूनही अवघड जाते. त्याची भाषा हीच त्याची साधनसामग्री आहे, ही जाणीव त्याला करून देणे हा मार्गदर्शनाचाच भाग होय.

पीएच.डी.पूर्वीच्या लेखनातून विद्याशाखा उभ्या राहिल्याची उदाहरणे आपल्या इतिहासातही आहेत. गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध लिहिला. एम. एन. श्रीनिवास यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंब यांविषयीचा १९४२ चा ग्रंथही घुर्ये यांच्याकडील एम.ए.च्या कामातून आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातील जातींविषयीचा १९१६ चा निबंध कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला गेला होता. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा तो वर्गातील निबंध होता आणि जातिव्यवस्थेच्या अभ्यासकाला आजही तो टाळता येत नाही. ही उदाहरणे पदव्युत्तर पातळीवरील आहेत हे खरे. परंतु प्रबंधाच्या आधीचे काम म्हणजे केवळ सराव, ही समजूत त्यांनी खोटी ठरते.

पैसा पुरेसा का नाही

बोवेन आणि नील रुडेनस्टाइन यांनी १९९२ मध्ये पीएच.डी. शिक्षणावर एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्यांपैकी ढोबळमानाने निम्मेच विद्यार्थी ती पूर्ण करतात, आणि मानव्यविद्यांत कालावधी विशेष लांबतो, असे त्यांना आढळले. त्यावर उपाय म्हणून मेलन प्रतिष्ठानने १९९१ ते २००० या दशकात काही प्रमुख विद्यापीठांच्या मानव्यविद्या विभागांना मोठा निधी दिला. त्याचे मूल्यमापन रोनाल्ड एरेनबर्ग, हॅरिएट झुकरमन आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील ग्रंथात आहे. निष्कर्ष बोलका आहे : निधीने परिस्थिती थोडी सुधारली, परंतु अपेक्षेइतकी नाही. जेथे विभागाने विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे हे स्पष्ट सांगितले आणि मार्गदर्शक नियमित भेटले, तेथे फरक दिसला.

या निष्कर्षाच्या प्रकाशात महाराष्ट्रातील स्थिती पाहावी. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्तींनी अनेक विद्यार्थ्यांना आधार दिला आहे. परंतु हा आधार सुरू होतो नोंदणीनंतर. पदवीच्या दुसऱ्या वर्षी शनिवार-रविवार वीटभट्टीवर किंवा मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत तो पोहोचत नाही, आणि पीएच.डी. करावयाची की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसावयाचे हा निर्णय तर तेथेच होऊन गेलेला असतो. विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा पदवीच्या विद्यार्थ्यांना व्यासपीठ देते, हे तिचे श्रेय. मात्र स्पर्धेची लय भित्तिपत्रक, सादरीकरण आणि निकाल अशी असते. काही आठवड्यांच्या या धावपळीतून वक्तृत्व सुधारते. प्रश्न पिकण्यास लागणारा काळ तिच्यात नाही.

एक चुकलेले भाकीत

मेलन-मेझ योजनेची गोष्ट केवळ यशाची म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. योजना सुरू झाली त्याच सुमारास, १९८९ मध्ये, बोवेन आणि ज्युली अॅन सोसा यांनी कला व विज्ञान शाखांतील अध्यापकांच्या मागणीचा एक बहुचर्चित अंदाज मांडला होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अध्यापकांचा मोठा तुटवडा भासेल, विशेषतः मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत, असे त्यात म्हटले होते. तुटवडा आला नाही. १९९४ पासून अध्यापकांची सक्तीची निवृत्ती संपली आणि ज्येष्ठ अध्यापक पदांवर राहिले. विद्यापीठांनी रिक्त पदे कायम स्वरूपात भरण्याऐवजी तासांच्या मोबदल्यावरील अध्यापक नेमण्याचा मार्ग पत्करला. २००८ च्या मंदीनंतर मानव्यविद्यांतील कायम पदांच्या जाहिराती आणखी घटल्या. प्राध्यापक व्हा असे सांगून ज्यांना या वाटेवर आणले, त्यांच्यापुढे वाट अरुंद होत गेली. शिवाय २०२३ मध्ये हार्वर्ड प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्यास मनाई केल्यापासून अशा सर्वच योजनांच्या पात्रतेची भाषा नव्याने तपासली जात आहे.

तासिका तत्त्व हा शब्द ज्यांच्या रोजच्या जीवनाचा भाग आहे अशा वाचकांना यावर भाष्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांतील पदभरती दीर्घकाळ रखडत आली आहे. त्यात नियमही स्थिर नाहीत : विद्यापीठांतील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याची २०१८ च्या विनियमांतील तरतूद प्रथम पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ मध्ये आयोगाने नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान अर्हता ठेवली. अशा स्थितीत एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला 'पीएच.डी. कर, प्राध्यापक होशील' असे सांगणारा अध्यापक त्याला एक हमी देत असतो, आणि ती पाळणे त्याच्या हातात नसते.

म्हणून मार्गदर्शकाने काय सांगावे? पदांची खरी स्थिती आरंभीच सांगावी. आपल्या विभागातील तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याशी विद्यार्थ्याची भेट घालून द्यावी. पीएच.डी.नंतर पुराभिलेखागार, वस्तुसंग्रहालय, स्वयंसेवी संस्थांचे संशोधन विभाग, पत्रकारिता, भाषांतर, धोरणविषयक काम या दिशाही असतात हे दाखवून द्यावे. मात्र त्याही मर्यादित आहेत हे लपवू नये. एवढे सांगूनही जो विद्यार्थी प्रश्न सोडत नाही, त्याच्यासाठी दोन वर्षे खर्च करणे योग्य होय. आणि जो पदवीनंतर दुसरीकडे वळतो, त्याच्यावरील श्रम वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. मुकादमाची वही वाचावयास शिकलेली विद्यार्थिनी तलाठी झाली तरी ती वेगळी तलाठी होईल. मेलन-मेझ छात्रांपैकी पीएच.डी. न झालेल्यांकडे अपयश म्हणून पाहणारे मूल्यमापन अपुरे आहे ते यामुळेच.

चौथ्या वर्षाची तयारी

महाराष्ट्रात नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात येईल. या वर्षी सातव्या सत्रात विषय ठरवून आठव्या सत्रात प्रबंधिका सादर करावयाची असा क्रम ठेवल्यास प्रत्यक्ष कामाला सात-आठ महिने मिळतील. वर वर्णिलेले काम त्यात होणार नाही. स्पायरल बाइंडिंग मात्र होईल, आणि तयार प्रकल्प पुरविणारी झेरॉक्सची दुकाने प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर आहेतच.

यावर उपाय नव्या योजनेची वाट न पाहता करता येण्याजोगा आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजाभिमुख उपक्रम यांना श्रेयांक आहेत. ते सुटे न ठेवता एकाच प्रश्नाचे टप्पे म्हणून गुंफता येतात. दुसऱ्या वर्षी स्थळ आणि माणसे यांची ओळख, तिसऱ्या वर्षी प्रश्न आणि पूर्वीचे लेखन, चौथ्या वर्षी पुरावा आणि मांडणी असा क्रम ठेवता येईल. सर्व विद्यार्थ्यांसाठी हे शक्य नाही. एका विभागात तीन किंवा चार विद्यार्थी पुरेत. ७५ टक्क्यांची अट ही निवड करून देईल असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. पाठांतरावर मिळालेले ७५ टक्के आणि प्रश्न विचारण्याची सवय या दोन गोष्टी एकाच विद्यार्थ्यात असतीलच असे नाही. आणि ज्याला कामामुळे वर्गात नियमित येता आले नाही तो या अटीत बहुधा बसणारच नाही. त्याला दुसऱ्या वर्षीच ओळखून, गुण सुधारण्यासाठीही हात दिला तरच तो चौथ्या वर्षापर्यंत येईल.

सर्वांत कठीण भाग अध्यापकाच्या वेळेचा आहे. २०१८ च्या विनियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ आणि सहयोगी प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. त्याच विनियमांतील संशोधन-गुणांच्या तक्त्यात पीएच.डी. प्रदान झाल्यास मार्गदर्शकाला १० गुण आणि पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी २ गुण आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याच्या मार्गदर्शनाला त्यात स्थान नाही. परिणामी हे काम करणारा अध्यापक ते सुटीत, मधल्या वेळेत किंवा घरी करतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. मेलन-मेझ योजनेने मार्गदर्शकाचा तास हा खर्चाचा एक शीर्ष मानला, म्हणून ती टिकली. महाविद्यालय विकास समितीला निदान एवढे ठरविता येईल की, संशोधन-विद्यार्थ्यांसाठीचा आठवड्याचा एक तास वेळापत्रकात खोली क्रमांकासह छापला जावा, तो कार्यभारात धरण्याचा प्रस्ताव विद्यापीठाकडे जावा, आणि विद्यार्थ्याला बसभाड्यापुरती व छायाप्रतींपुरती रक्कम विद्यार्थी कल्याण निधीतून मिळावी. हा निर्णय घेण्यास २०२७ चा जून उजाडण्याची आवश्यकता नाही. पहिल्या तुकडीने दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवले ते २०२५-२६ मध्ये, आणि तिच्या मागोमाग दरवर्षी एक तुकडी त्याच टप्प्यावर येत राहणार आहे.